सातवी निवड

रियाधच्या एका बँकेत माझं काम आहे लोकांना नाही म्हणण्याचं. कर्ज मागणाऱ्या कंपन्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात, त्यातलं काय बुडेल ते मी शोधते आणि वर लिहून पाठवते. हे काम मला आवडतं, आणि तसं सांगायला मी लाजत नाही. माझा नवरा म्हणतो, तू कोथिंबिरीची जुडीसुद्धा जामीनदार मागितल्यासारखी उलटीपालटी करून बघतेस. त्याचं काय जातं बोलायला. तो आयटीत आहे. त्याच्याकडे काही बिघडलं की तो ते बंद करून परत चालू करतो.

असल्या बाईचा बास्केटबॉलशी संबंध यायचं खरं तर काही कारण नव्हतं. सांगलीला शाळेत मी खो-खो खेळले, तोही पाटीवर बसायला एक कमी पडत होती म्हणून. पण आमच्या कंपाउंडमध्ये पार्किंगच्या टोकाला एक बास्केट आहे, आणि शेजारच्या फिलिपिनो नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की अर्धा तास तिथं बॉल आपटायच्या. आमची लेक नऊ वर्षांची असताना एक दिवस त्यांच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली. बाईंनी काही न विचारता बॉल तिच्याकडे टाकला. आता ती चौदाची आहे. उंचीनं माझ्यावर, म्हणजे बुटकेपणावर, गेल्यामुळे ती बास्केटखाली उड्या मारत नाही, ती बॉल पुढे नेते आणि नेमक्या वेळी दुसरीच्या हातात देते. गुण दुसरीच्या नावावर लागतात, पण ते हिच्यामुळे लागतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी पोह्यांच्या बशा घेऊन अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे सामने बघायला बसतो. ती खेळ बघते. मला नाद लागला तो संघ चालवणाऱ्या ऑफिसचा. तिथं दरवर्षी नवे खेळाडू एकेक करून वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि आदल्या वर्षी ज्यांची धूळधाण झाली त्यांना निवडीत वरचा मान मिळतो. हरणाऱ्याला बक्षीस देणारा हा नियम ऐकला तेव्हाच माझे कान टवकारले. दोन जुने वैरी संघ होते. एकाच्या ऑफिसनं चार-पाच वर्षं लोकांच्या शिव्या खात कोवळी पोरं गोळा केली, दुसऱ्यानं पुढच्या कितीतरी वर्षांच्या निवडी देऊन टाकल्या आणि तयार खेळाडू आणले. लोक मैदानावरच्या उड्या बघत होते. मला मात्र दिसत होतं की हा सामना तीन वर्षांपूर्वीच एका बंद खोलीत, टाय लावलेल्या माणसांनी खेळून ठेवलाय. त्या माणसांना फ्रंट ऑफिस म्हणतात. मी लेकीला म्हणायचे, बघ, यांनी तेव्हा तो उंच पोरगा सोडला ना, त्याचं हे फळ. ती पोहे खात म्हणायची, "आई, तू मॅच नाही बघत, तू मॅनेजमेंट बघतेस."

एका लेबनीज बाईंची मुलींसाठी बास्केटबॉलची अकादमी आहे. त्यांनी सोळा वर्षांखालच्या मुलींची लीग काढली, सहा संघांची, रंगांवरून ओळखली जाणारी. प्रत्येक संघाला एक कोच आणि एक पालक-मॅनेजर, आणि अमेरिकेसारखाच दर हंगामाआधी मुलींचा ड्राफ्ट. आमच्या नर्सबाई हिरव्या संघाच्या कोच झाल्या आणि मला मॅनेजर म्हणून ओढून घेऊन गेल्या. मी आढेवेढे घेतले, पण ते दाखवण्यापुरते. आतून मला उकळ्या फुटत होत्या. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की मी आता फ्रंट ऑफिस आहे. त्यानं विचारलं, चहा मिळेल का मग.

नारिंगी संघाचे मॅनेजर होते रत्नागिरीकडचे एक चाचा. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, पायात कायम त्याच चपला. आधी बरीच वर्षं मदिनेत त्यांचं दुकान होतं. आता आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अल सुलैमध्ये, प्लास्टिकच्या क्रेटचं आणि खुर्च्यांचं गोदाम आहे. त्यांची नात खेळायची म्हणून ते यात पडले. बास्केटबॉलचे नियम त्यांना माझ्यापेक्षाही कमी माहीत होते. मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'बाय' म्हणायला सुरुवात केली, आणि पहिल्याच हंगामात त्यांच्या संघानं आम्हाला दोन्ही सामन्यांत लोळवलं. नारिंगी पहिले आले. हिरवे सहावे, म्हणजे शेवटचे.

मी खूश होते. शेवटचे, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड आमची. नर्सबाईंना मी हे समजावत होते तेव्हा त्या माझ्याकडे पेशंटकडे बघतात तसं बघत होत्या.

दुसऱ्या हंगामाआधी सगळ्या मॅनेजरांची बैठक झाली. पहिल्या वर्षी नियम होता की मॅनेजरची मुलगी किंवा नात आपोआप त्याच्याच संघात. यंदा तोच ठेवायचा का, असं लेबनीज बाईंनी विचारलं. कुणीच काही बोलत नव्हतं, चाचा तर खजूर खात होते. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी उभी राहिले. आमच्या बँकेत नातेवाइकाची फाइल आली तर आम्ही खोलीबाहेर जातो, इथपासून सुरुवात करून मी जवळजवळ दहा मिनिटं बोलले. मुलींसमोर आपण काय आदर्श ठेवतो, वगैरे. मध्यमवर्गीय मराठी माणसाला स्वतःच्याच पोरावर अन्याय करून दाखवण्यात जे समाधान मिळतं, ते मला बोलताबोलताच मिळू लागलं होतं. चाचा एवढंच म्हणाले की घरचं पोर घरच्या टीमला, त्यात कसला घोळ. पण माझ्या भाषणानंतर नको म्हणायला कुणाची जीभ रेटेना. नियम रद्द झाला आणि आमची लेक बाकी सगळ्यांसारखी ड्राफ्टमध्ये आली.

मग मी तयारीला लागले. दोन शनिवार चाचण्या झाल्या. अठ्ठेचाळीस मुली, प्रत्येकीच्या पाठीला नंबर. मी बाकावर लॅपटॉप उघडून बसले आणि धावणं, उडी, पास, फ्री थ्रो, सगळ्याला गुण दिले. नंबरांशेजारी नावं लिहिली नाहीत, मुद्दामच. शेवटी एक्सेलनं क्रम लावून दिला. पहिली आली एका सुदानी इंजिनिअरची मुलगी, जिला बास्केटमध्ये बॉल ठेवायला टाचासुद्धा उचलाव्या लागत नव्हत्या. आणि चौथी आली नंबर एकतीस, म्हणजे आमची लेक.

मी ते दोनदा तपासलं, कारण मला वाटलं माझा हात सैल सुटला असेल. नव्हता. तरी तिला सांगितलं नाही. तिनं दोन-तीनदा आडून विचारलं, एकदा सरळही विचारलं. मी म्हटलं, शीट गोपनीय आहे, तू ड्राफ्टमध्ये आहेस, मी मॅनेजर आहे, असं कसं सांगू. ती "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. मला माझं फार कौतुक वाटलं.

ड्राफ्ट अकादमीच्या हॉलमध्ये झाला, शनिवारी सकाळी. मुली जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. पुढे सहा टेबलं, प्रत्येकावर त्या त्या रंगाच्या जर्सींची चळत. जिचा नंबर पुकारला जाई तिनं उठून जायचं आणि जर्सी घ्यायची. प्रत्येक फेरीत क्रम तोच: शेवटचे आले ते आधी, पहिले आले ते शेवटी. म्हणजे पहिली निवड माझी, सहावी चाचांची, आणि सातवीला परत माझी पाळी.

पहिल्या निवडीला मी सुदानी मुलगी घेतली. टाळ्या झाल्या. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. त्यात दोन मॅनेजरांनी आपापल्या मुली घेतल्या, हसत, जराही न ओशाळता. चाचांनी सहाव्या निवडीला नात घेतली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले की ही माझी. मुली खिदळल्या. या सगळ्यात एकानंही नंबर एकतीस पुकारला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि कारणही कळलं होतं. ती चांगली खेळते हे गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं होतं. पण आईची पोर आईकडे जावी म्हणून पाचही जणांनी तिला सोडून दिलं होतं. नियम रद्द झाला होता तरी रीत त्यांनी पाळली होती.

सातवी निवड. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मॅनेजरांमधला तो इजिप्शियन डॉक्टरही, जो कधी हसत नाही. मागे बसलेल्या नर्सबाईंनी माझ्या खांद्याला बोट लावलं. आणि समोर आमच्या लेकीनं एक हात जमिनीला टेकला. ती अर्धी उठली होती.

ते हसणं मला सहन झालं नाही. मला वाटलं, एवढं भाषण ठोकून आता हिला घेतलं तर हे सगळे मनात म्हणणार, बघा, शेवटी हीसुद्धा तशीच. माझे कान तापले. मी शीटवर खाली बघितलं आणि पुकारलं नंबर बारा. माझ्या यादीत नववी.

लेक परत खाली बसली. तिनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

आठवी ते अकरावी निवड होताना लोक गोंधळलेले होते. त्यांना वाटलं असणार की ही बँकेची बाई आहे, काहीतरी डाव असेल, मुलीला तिसऱ्या फेरीला ठेवली असेल. म्हणून त्यांनी तेव्हाही तिला हात लावला नाही. बाराव्या निवडीला चाचांची पाळी आली. ते यादीकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"बाय, तुजी पोर कोण घेणार?"

"इथं कुणी कुणाची पोर नाही, चाचा," मी म्हटलं. "ती नंबर एकतीस आहे."

चाचांनी क्षणभर दाढी चोळली. मग म्हणाले, "तर मग एकतीस माजी. यल्ला, उठ पोरी."

ती उठली, नारिंगी जर्सी घेतली आणि चाचांच्या नातीशेजारी जाऊन बसली. परत येताना गाडीत नर्सबाई माझ्या शेजारची सीट सोडून मागे लेकीजवळ बसल्या. पाच वर्षं त्यांनी तिला शिकवलं होतं. मागच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, राग आलाय का. "इट्स फाइन, आई," ती म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचं हे 'फाइन' काय असतं ते सगळ्या आयांना माहीत असतं, आणि तरीही ते ऐकून मी गाडी चालवत राहिले.

हंगाम सुरू झाला आणि आमच्या घरात दोन संघ झाले. लेक जेवताना फोन उपडा ठेवायची, कारण त्यावर नारिंगीचे डावपेच असायचे. मी फोनवर नर्सबाईंशी बोलायला बाल्कनीत जायचे. नवरा मधे. त्याला दोन्हीकडून एकच ताकीद होती की तिकडचं इकडे सांगायचं नाही, आणि तो ती इतकी काटेकोर पाळायचा की भाजीत मीठ जास्त झालंय हेसुद्धा सांगेना. सगळं वरवर मजेत होतं. फक्त शुक्रवारी सकाळी ती सामने बघायला बसेनाशी झाली. अभ्यास आहे म्हणायची. मी एकटीनं दोन शुक्रवार पोहे खाल्ले आणि मग करणंच सोडलं.

कागदावर माझा संघ सगळ्यात भारी होता. कोर्टवर मात्र काहीच जुळेना. कारण साधं होतं, पण ते कळायला मला दोन महिने लागले: सरावाला आठपैकी चारच मुली यायच्या. सुदानी मुलीचे वडील कामासाठी दूर तबूकला, आईची संध्याकाळची नोकरी. नंबर बारा राहायची शहराच्या पार आग्नेयेला. सोमवारी संध्याकाळी रिंग रोडवरून आमच्याकडे यायला तिला तास-दीड तास. माझ्या आठ मुली शहराच्या चार कोपऱ्यांत राहत होत्या. माझ्या शीटमध्ये धाव होती, उडी होती, पासची टक्केवारी होती. कोण कुठं राहतं आणि तिला कोण आणून सोडणार, हा रकानाच नव्हता.

हे मला कळलं अल सुलैमध्ये. नारिंगीचा सराव चाचांच्या गोदामाच्या आवारात व्हायचा, आणि एक दिवस नवऱ्याची मीटिंग लांबली म्हणून लेकीला आणायला मी गेले. क्रेटच्या थप्प्यांमधे जमिनीवर रंगानं कोर्ट आखलेलं, एका जुन्या कंटेनरला बास्केट ठोकलेली. आठच्या आठ मुली हजर. कडेला चाचांची सून एका मोठ्या डब्यातून सगळ्यांना सांदणं वाटत होती. मी चाचांना विचारलं, तुम्ही यांना निवडलं तरी कशावरून. ते प्लास्टिकच्या खुर्चीत आरामात बसून हसले.

"बाय, मी पोरी नाय निवडल्या, गाड्या निवडल्या. कोण कुणाला आणील, कोण कुणाला सोडील, तां आधी बघितलां. पोर सरावाला आली तर शिकेल. आली नाय तर तिची उंची काय चाटायची हाय?"

मी कपाळाला हात लावला. बँकेत कोणत्याही कंपनीची फाइल आली तर तिचा माल गोदामातून दुकानापर्यंत कसा पोहोचतो हे मी आधी विचारते. आणि इथं मी अठ्ठेचाळीस मुलींच्या उड्या मोजत बसले होते. चाचांनी मात्र शांतपणे दोन गल्ल्या आणि तीन चुलत बहिणी पकडून आख्खा संघ उभा केला होता.

"पण आमची तर लांबची आहे," मी म्हटलं. "तिला का घेतलंत मग?"

"तिला मीच आणतो ना," चाचा म्हणाले. "गेल्या साली पुरा सीझन बघितली तिला. माज्या पोरींना हिनंच दमवली होती. तुज्या शीटला दोन शनवार दिसले, मला चार महिने दिसली."

दर मंगळवारी तिला आमच्या गेटवरून घ्यायला एक गाडी यायची, ती मला वाटायचं अकादमीची असेल. ती चाचांची होती. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हा म्हातारा माझ्या मुलीसाठी येत होता, आणि मी तीन मजले उतरून खाली येऊन बघितलंही नव्हतं. मला तिथं खरंच शरम वाटली.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. हंगामाच्या मध्यावर दोन संघांना एकेक मुलगी अदलाबदल करायची मुभा होती, मात्र दोन्ही मुलींची संमती हवी. चाचा म्हणाले, तुझी ती बारा नंबरची माझ्या गोदामाच्या मागच्याच गल्लीत राहते. ती मला दे आणि आपली लेक घेऊन जा. दोघींचाही फेरा वाचेल. मग ते म्हणाले, पोर खेळताना हसते, पण तू आत आलीस तशी गप्प झाली, मी बघत होतो.

फ्रंट ऑफिसच्या हिशोबानं इतका चोख सौदा मी आयुष्यात बघितला नव्हता. बारा नंबर द्यायची आणि एकतीस घ्यायची, म्हणजे सातव्या निवडीची चूक जशीच्या तशी पुसली जाणार होती. घरी आल्यावर ती डायनिंग टेबलावर गणिताचं पुस्तक उघडून बसली, तेव्हा तिच्यासमोर बसून मी सगळं नीट मांडलं. अंतर किती कमी होईल, दोन्ही संघांना कसा फायदा आहे, नर्सबाईंना किती आनंद होईल. मला वाटलं होतं ती उडी मारेल.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आई, तुझ्या शीटमध्ये माझा नंबर कितवा होता?"

गोपनीय आहे, हे ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, बोलले नाही. "चौथा," मी म्हटलं.

"खोटं."

"खोटं कशाला बोलू?"

"चौथा असता तर तू मला घेतलं असतंस." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटलं मी तीसच्या खाली असेन. मला वाईट वाटेल म्हणून तू दाखवत नाहीयेस. म्हणून मी रोज थांबून फ्री थ्रो मारत होते. पुढच्या वर्षी तरी वर येईन म्हणून."

इतके महिने मला वाटत होतं ती माझ्यावर रागावलीय. तिला राग आलाच नव्हता. आपल्या आईनं मोजून, तपासून आपल्याला कमी ठरवलंय, असं धरून ती चालली होती आणि मुकाट्यानं जास्त मेहनत करत होती. मी निःपक्षपाती दिसायला गेले आणि माझ्या मुलीला वाटलं ती मला पुरेशी चांगली वाटत नाही. हे लिहितानाही मला त्रास होतो.

मी उठून लॅपटॉप आणला आणि ती शीट उघडून तिच्यासमोर ठेवली. ती बराच वेळ बघत होती. बोटानं एकतीसची ओळ धरून शेवटपर्यंत गेली, मग बाराची ओळ शोधून तीही वाचली.

"म्हणजे तू चुकलीस," ती म्हणाली.

"चुकले."

"ऑफिशियली?"

"ऑफिशियली."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसायला लागली होती. बँकेत चुकलं तर काय करतात, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहून खाली सही करावी लागते. "लिही मग," ती म्हणाली. तिच्यासमोर मी एकतीसच्या ओळीत शेवटी टाइप केलं: निवड केली नाही. कारण: लोक काय म्हणतील ही मॅनेजरची भीती. तिनं ते वाचलं, 'मॅनेजरची' खोडून 'आईची' केलं आणि सेव्ह केलं. मग मी तिला जवळ ओढलं. तिनं ओढू दिलं. चौदाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

बदलीचं मात्र तिनं साफ नाकारलं. मी थोडी हिरमुसले, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, आता तर तुला सगळं कळलं, मग का नाही.

"चाचांनी मला शीट न बघता घेतलं," ती म्हणाली. "आणि मला तुम्हाला हरवायचंय."

मी चाचांना फोन करून सांगितलं की मुलीची संमती नाही. ते म्हणाले, खलास, मी पण देणार नव्हतोच, तुला विचारून बघितलां. त्यांचं हे मला पटलेलं नाही. पण त्यानंतर मंगळवारी त्यांची गाडी आली की मी खाली जाऊन चहाचा थर्मास देऊ लागले. नंबर बाराला आणायला-सोडायला आम्ही तीन घरांत पाळ्या लावल्या, सुदानी मुलीला नर्सबाई आणू लागल्या, आणि हिरवा संघ शेवटून दुसऱ्या जागेवर आला. शीटमध्ये आता 'गाडी' असा रकाना आहे.

हंगामाचा शेवटचा सामना हिरवे विरुद्ध नारिंगी. आदल्या दिवशी लेकीनं जाहीर केलं की उद्या सकाळी कुणी कुणाशी बोलायचं नाही, आणि सकाळी नवऱ्यानं आम्हाला दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत पोहे दिले. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. माझ्या मुली सगळ्या हजर होत्या आणि सुदानी मुलगी बास्केटखाली कुणाला फिरकू देत नव्हती. शेवटच्या मिनिटाला आमची लेक बॉल घेऊन आली. सुदानी मुलगी तिच्यावर चालून गेली. लेकीनं उजवीकडे बघितलं, सगळ्यांना उजवीकडे बघायला लावलं, आणि डावीकडे चाचांच्या नातीच्या हातात बॉल ठेवला. दोन गुण. आम्ही हरलो.

मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. नर्सबाईंनी माझी बाही ओढली आणि दटावलं की तुम्ही हिरव्याच्या मॅनेजर आहात, सगळे बघतायत.

"ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण कोर्टवरून तिनं वळून बघितलं.

नर्सबाई म्हणाल्या, ते या हॉलमध्ये सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे, आता खाली बसा.

मी बसले नाही.